हे कुणाच्या हातचं? रूबेन्सचं नाव लिहिलेल्या एका रेखाटनाबद्दल

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आजोबांनी मुंबईच्या चोर बाजारातून आणलेलं एक रेखाटन तुमच्या घरात साठेक वर्षं टांगलेलं आहे. काळ्या खडूत एक उघडा पुरुष, दोन्ही हात वर, जणू काहीतरी जड रेटतोय. खाली उजव्या कोपऱ्यात तपकिरी शाईत, रोमन लिपीत, 'पी. पी. रूबेन्स'. रूबेन्स म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या ॲन्टवर्पचा, सतराव्या शतकातला नामांकित चित्रकार. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हात वर केलेल्या तरुणाचं त्याचं रेखाटन ८२ लाख डॉलरना गेल्याचं तुमच्या वाचनात आलं. पोझ जवळजवळ तीच. तेव्हापासून घरात कुणाला धड झोप नाही. तुम्ही विचारता: हे अस्सल आहे का, आणि खाली सही असताना आणखी पुरावा तो काय लागतो?

आधी उत्तर देऊन टाकतो. हे रूबेन्सचं नाही. त्याच्या शिष्याचं नाही, त्याच्या शतकातलंही नाही. पण टाकाऊ मुळीच नाही. मला ते आवडलं, आणि का ते पुढे सांगतो.

तुम्ही पाठवलेल्या सात फोटोंपैकी सहा समोरून घेतलेले आहेत. सातव्यात कागद फ्रेममधून काढून खिडकीच्या काचेवर धरला आहे आणि मागून ऊन येतंय. ज्यानं कुणी तो काढला त्याला शाबासकी द्या. डाव्या कडेला, कागद जिथे कापला आहे तिथेच, चार रोमन अक्षरं पुसट उजळलेली दिसतात: टी, एम, ए, एन. अलीकडची अक्षरं कात्रीनं खाल्ली, पण शब्द 'व्हॉटमन' आहे यात मला शंका नाही. थोरल्या जेम्स व्हॉटमननं इंग्लंडमधल्या केंट परगण्यातली टर्की मिल ही कागदगिरणी १७४० मध्ये हातात घेतली. रूबेन्स वारला १६४० मध्ये. शिवाय तुमच्या कागदाचा पोत एकसंध आहे. रूबेन्सच्या काळातला युरोपी कागद ताणलेल्या तारांच्या साच्यावर उचलला जायचा. उजेडात धरला की त्यात दाट बारीक रेघा आणि त्यांना काटकोनात, दोन-तीन सेंटिमीटरवर एक अशा ठळक रेघा दिसतात. विणलेल्या जाळीवरचा, रेघा नसलेला कागद व्हॉटमनच्याच गिरणीतून १७५७ च्या सुमारास पुढे आला. (आपल्या जुन्या हातकागदातही रेघा दिसतात, पण त्या गवताच्या काड्यांच्या छपरीच्या, म्हणजे कागद गाळायच्या चटईच्या, आणि त्यात असं जलचिन्ह, म्हणजे कागदातच उमटवलेलं नाव, नसतं.)

एवढ्यावर निकाल लागला. पण असं दर वेळी लागत नाही, म्हणून पुढचं लिहितोय.

कागद जुना निघाला म्हणून रेखाटन जुनं ठरत नाही. एरिक हेबॉर्न नावाचा इंग्रज, स्वतः फार चांगल्या हाताचा, जुन्या पुस्तकांतली कोरी पानं मिळवायचा आणि त्यांवर जुन्या चित्रकारांची रेखाटनं 'पाडायचा'. १९७८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतले कॉनराड ओबरहुबर यांच्या लक्षात आलं, की त्यांच्याकडचं एक आणि न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीतलं एक, अशी दोन निरनिराळ्या चित्रकारांची म्हणून घेतलेली रेखाटनं एकाच जातीच्या कागदावर आहेत. तिथून धागा उसवत गेला. कागदाला 'नाही' म्हणता येतं, 'हो' म्हणता येत नाही. खडूचंही तेच. खाणीतून निघालेल्या नैसर्गिक काळ्या खडूची रेघ थोडी करडी असते, मध्येच एखादा कडक कण कागदाला ओरखडा काढतो. तुमच्या रेखाटनातली रेघ लोण्यासारखी सलग आणि गडद आहे. ती मला कारखान्यात बनवलेल्या काडीची वाटते, म्हणजे निकोला-झाक काँते यानं १७९५ मध्ये ज्या कृतीचं पेटंट घेतलं तिच्या वंशातली. फोटोवरून एवढंच, भिंगाखाली पाहिल्याशिवाय यावर पैज लावणार नाही.

आता सही. ती सही नाही, लिहिलेलं नाव आहे. रूबेन्स रेखाटनांवर सहसा सही करत नसे, कारण ती विकायची वस्तूच नव्हती. ती त्याच्या कारखान्याची, म्हणजे मदतनीसांसह चालणाऱ्या चित्रशाळेची, हत्यारं होती. त्याच्या मृत्युपत्रात तर असं होतं, की मुलांपैकी कुणी चित्रकार होणार नाही आणि कुठली मुलगी चित्रकाराशी लग्न करणार नाही हे पक्कं होईपर्यंत रेखाटनं विकू नयेत. कुणी झालं नाही, कुणी केलं नाही, आणि १६५७ मध्ये ती विकली गेली. कोपऱ्यातली नावं बहुतेक त्यानंतरची: कुणी व्यापाऱ्यानं, कुणी संग्राहकानं, कुणी वारसानं टाकलेली. काही प्रामाणिक, काही आशावादी, काही निव्वळ लबाड. आपल्याला हे कळायला परदेशी जायला नको. शेवटी 'तुका म्हणे' आलं म्हणून तो अभंग तुकोबांचाच असं कुणी जाणकार मानतो का? गाथेतले प्रक्षिप्त अभंग वेगळे काढताना मुद्रा सगळ्यात शेवटी बघायची असते. आधी भाषा, मग छंद, मग विचाराची चाल. रेखाटनाचंही तसंच. नाव सगळ्यात शेवटी वाचा.

संग्राहकांचे शिक्के त्या मानानं जास्त भरवशाचे. चित्रकार पीटर लेली यांच्या संग्रहातल्या कागदांवर 'पीएल' असा छोटा शिक्का असतो, तोही त्यांच्या मृत्यूनंतर, विक्रीच्या वेळी मारलेला. टॉमस लॉरेन्स यांचा 'टीएल' शाईचा नसून दाबून उठवलेला असतो. फ्रिट्स लुग्त यांनी १९२१ मध्ये अशा शिक्क्यांचा कोश काढला आणि आजही आमचं पान त्याच्यावाचून हलत नाही. न्यूयॉर्कला विकलेल्या त्या रेखाटनाचा सातबारा असाच स्वच्छ होता: लॉरेन्स यांच्या संग्रहातून १८३८ मध्ये ते नेदरलंड्सच्या राजघराण्यात गेलं, पुढे राजा झालेल्या दुसऱ्या विल्यमकडे, आणि २०१९ पर्यंत त्याच घराण्यात राहिलं. तुमच्या कागदावर एकही शिक्का नाही. त्यानं काही सिद्ध होत नाही, पण फेरफारच नोंदलेले नसतील तर जमीन कुणाची हे ठरवायला तलाठ्याऐवजी शेताकडे बघावं लागतं. तर शेताकडे वळू.

माझ्या गुरूंनी मला एक सवय लावली. रेखाटन समोर आलं की 'कुणी काढलं' हे विचारायचं नाही. 'कशासाठी काढलं' हे विचारायचं. युरोपात सतराव्या शतकात कागदावर माणसाचं शरीर काढण्याची कारणं मोजकी होती. मोठ्या चित्रातली एक आकृती पक्की करायला, हात सवयीत ठेवायला, गुरूचं काम उतरवून शिकायला, छापचित्र कोरणाऱ्याला नमुना द्यायला, आणि फसवायला. प्रत्येक कारण रेघेत उतरतं. त्यांतलं पहिलं कारण सगळ्यात श्रीमंत आहे, म्हणून त्याच्याजवळ जरा थांबतो. उदाहरण असं घेतो की निम्मी वाट आपल्या ओळखीची आहे.

जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चमध्ये गेला असाल. गोंयचो सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची, चांदीची पेटी ज्या संगमरवरी समाधीवर आहे, ती फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीनं घडवली. मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोझिमोची ती भेट, १६९८ मध्ये बसवली गेली. अस्सल बरोक, म्हणजे सतराव्या शतकातली ती भपकेदार युरोपी शैली, बघायला आपल्याला रत्नागिरी-सिंधुदुर्ग ओलांडलं की पुरतं. या समाधीच्या ऐंशी वर्षं आधी, १६१७-१८ च्या सुमारास, ॲन्टवर्पच्या जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या चर्चसाठी रूबेन्सनं त्याच फ्रान्सिस झेवियरचे चमत्कार रंगवले. झेवियरला संतपद मिळालं १६२२ मध्ये, म्हणजे चित्र आधी आणि संतपद नंतर. पाच मीटरहून उंच कॅनव्हास. १७७३ मध्ये जेझुइट संघ बरखास्त झाल्यावर तो व्हिएन्नाला गेला आणि आज तिथल्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. काळ्या झग्यातला झेवियर उंच चौथऱ्यावर हात उभारून उभा, मेलेले उठताहेत, आंधळे-पांगळे गर्दी करताहेत, मागे देवळात मूर्ती कोसळते आहे. हे सगळं आशियात घडतंय अशी कल्पना. रूबेन्स आयुष्यात युरोपाबाहेर गेला नाही. ती शिंगांची मूर्ती आपल्या कुठल्याच देवासारखी नाही, ती युरोपच्या मनातली आहे. तिच्यासमोर उभं राहताना मला दर वेळी थोडं अवघडल्यासारखं होतं, हे लपवत नाही.

रूबेन्सची कामाची रीत अशी. सुरुवातीला शाईच्या चार-दोन रेघोट्यांत कल्पना. मग लाकडी फळीवर तेलरंगातला छोटा नमुना, जो गिऱ्हाइकाला दाखवायचा. झेवियरच्या चित्राचा हा नमुना त्याच संग्रहालयात, मोठ्या चित्राबरोबर आहे. रचना ठरली, गिऱ्हाईक 'हो' म्हणालं, की मग खडूतलं रेखाटन. एकेक महत्त्वाची आकृती घ्यायची, मॉडेलला नेमक्या त्याच पोझमध्ये उभं करायचं आणि काळ्या खडूत, पांढऱ्या खडूचे उजाळे देत, शरीर समजून घ्यायचं. मग ती रेखाटनं हाताशी धरून कारखान्यातले मदतनीस मोठा कॅनव्हास भरणार, आणि शेवटचा हात रूबेन्स फिरवणार. १६१८ मध्ये इंग्रज राजदूत डडली कार्लटन यांना लिहिलेल्या पत्रात त्यानं चित्रांची यादीच दिली आहे: हे पूर्ण माझ्या हातचं, हे शिष्यानं केलेलं पण मी फिरून हात मारलेलं, यातला गरुड स्नायडर्स या दुसऱ्या चित्रकाराचा. हॉटेलवाल्यानं कुठली भाजी आचाऱ्यानं केली आणि फोडणी कुणी दिली हे सांगावं, तसं.

व्हिएन्नाच्याच आल्बर्टिना संग्रहात या चित्रातल्या आंधळ्याचं रेखाटन आहे. काळा खडू, पांढरे उजाळे, हात पुढे चाचपडताहेत. मॉडेल डोळस असणार. त्याला सांगितलं असणार की डोळे मिट आणि समोर भिंत आहे असं समज. डोळस माणूस आंधळ्यासारखा चालू लागला की त्याचं वजन मागच्या पायावर राहतं आणि धड पुढे झुकायला कचरतं. रूबेन्स नेमका त्या कचरण्याच्या शोधात आहे. म्हणून त्याच्या अशा रेखाटनांत काय दिसतं बघा. जिथे चित्राला माहिती हवी, म्हणजे खांदा, मनगट, मान जिथे धडात शिरते ती जागा, तिथे रेघ दोनदा-तीनदा बदललेली असते. आधीची पुसलेली नसते, तिच्यावरूनच नवी जाते. कधी तोच हात कागदाच्या कडेला पुन्हा, मोठा करून. आणि चित्रात जो भाग दुसऱ्या कुणामागे झाकला जाणार, तिथे हात आखडता: दोन रेघांत पाय संपतो. प्रकाशही चित्रातला. मोठ्या चित्रात उजेड ज्या बाजूनं यायचा, त्याच बाजूनं रेखाटनात.

नक्कल करणाऱ्याला हे जमत नाही, आणि गंमत म्हणजे हात चांगला असतो म्हणूनच जमत नाही. त्याच्यासमोर तयार शरीर आहे. त्याला शोधायचं काहीच नाही. तो खांद्याला जेवढं प्रेम देतो तेवढंच कडेच्या वस्त्राला देतो. सगळं सारखं शिजलेलं. कधी तो मूळ रेखाटनातल्या बदललेल्या रेघाही इमानेइतबारे उतरवतो, पण मग त्या दोन्ही रेघा सारख्याच दाबानं आलेल्या दिसतात. पहिली चाचपडत, दुसरी ठामपणे, हा फरक उतरवता येत नाही.

रूबेन्सच्या बाबतीत नकलांचा एक मोठा साठाच आहे. विलेम पानेल्स हा त्याचा शिष्य. १६२८ ते १६३० रूबेन्स राजकीय वाटाघाटींसाठी स्पेन आणि इंग्लंडमध्ये होता आणि घर-कारखाना पानेल्सच्या ताब्यात होता. गुरूच्या खाजगी खोलीतली रेखाटनं त्यानं मन लावून उतरवली. त्यातले सुमारे पाचशे कागद आज कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहात आहेत. काहींवर त्यानं नोंदी केल्या आहेत, काही चक्क सांकेतिक लिपीत: अमुक मी रूबेन्सच्या खोलीतून घेतलं, वगैरे. हात बेताचा, रेघ जाड, हातापायांची बोटं सॉसेजसारखी. पण त्यातल्या कित्येक नकलांची मूळ रेखाटनं आता उरलेलीच नाहीत, म्हणून या बेताच्या हाताचे आम्ही सगळे ऋणी आहोत. नक्कल म्हणजे हलकं काम हा समज काढून टाका. रेम्ब्रांटनं उतारवयात मुघल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटनं केली, आशियातून आलेल्या कागदावर. त्याला कुणी नकलाकार म्हणत नाही.

पानेल्स ओळखायला सोपा. व्हॅन डाइक अवघड. विशीतला हा पोरगा रूबेन्सच्या कारखान्यात इतका वर होता की १६२० मध्ये त्याच जेझुइट चर्चच्या ३९ छतचित्रांचा करार झाला, त्यात मदतनीसांमध्ये त्याचं नाव मुद्दाम घातलं आहे. (ती छतचित्रं १७१८ च्या आगीत गेली.) त्या चार-पाच वर्षांतली खडूतली शरीरं कुणाची, यावर जाणकारांची मतं फिरत आली आहेत. ढोबळ फरक सांगायचा तर रूबेन्सची रेघ गोलाईनं शरीराला वळसा घालते, मांस तोलून बघते. व्हॅन डाइकची तुटक, टोकदार, थोडी अधीर. तो वळणावर थांबत नाही, कोपरा कापून जातो. पण हे ऐकून कुणी निकाल देऊ लागला तर त्याच्यापासून सावध राहा. शेकडो रेखाटनं हातात घेतल्यावर हा फरक दिसायला लागतो, आणि तरी कधी कधी दिसत नाही. त्यात रूबेन्सला आणखी एक खोड होती: दुसऱ्यांची, विशेषतः इटालियन चित्रकारांची रेखाटनं विकत घेऊन त्यांवर स्वतः हात मारायचा. एकाच कागदावर दोन हात. तिथे 'कुणाच्या हातचं' हा प्रश्नच अर्धा चुकीचा ठरतो.

एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी मोरेल्ली या इटालियन गृहस्थानं कानाची पाळी, नखं अशा दुर्लक्षित जागांवरून चित्रकार ओळखायची पद्धत काढली. शिक्षण वैद्यकाचं, त्यामुळे शरीराकडे बघायची सवय. ती पद्धत रंगवलेल्या चित्रांना बरी लागू पडते. रेखाटनात माझा तिच्यावर फार जीव नाही. नक्कल करणारा कानसुद्धा उतरवतोच की.

माझी एक फजिती सांगतो, म्हणजे मी वरून बोलतोय असं वाटणार नाही. उमेदवारीच्या दिवसांत एका संग्रहालयाच्या रेखाटन विभागात लाल खडूतलं एक नग्न शरीर माझ्याकडे नोंदीसाठी आलं. सावलीच्या तिरप्या रेघा डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरत होत्या. उजव्या हाताचा माणूस हॅचिंग करतो ते उलट्या दिशेला, वरच्या उजव्या बाजूकडून खालच्या डाव्या बाजूकडे. मी मोठ्या थाटात लिहिलं: चित्रकार डावखुरा. विभागप्रमुख बाईंनी वाचलं, काही न बोलता पर्समधला आरसा काढून कागदाशेजारी धरला. आरशात सगळ्या रेघा सुतासारख्या सरळ झाल्या, मॉडेलच्या हातातली काठीही उजव्या हातात गेली. तो उलट ठसा होता: मूळ खडूच्या रेखाटनावर ओला कागद ठेवून दाबायचा, की फिकट, उलटी प्रतिमा उतरते. खडूचे कण दाबले गेल्यामुळे रेघ चपटी दिसते, कागदाच्या खळग्यांत शिरलेली नसते. हे मला भिंगाखाली आधीच दिसलं होतं आणि मी त्याकडे काणाडोळा केला होता, कारण 'डावखुरा' हा शोध फार छान वाटला होता.

कशासाठी काढलं हा प्रश्न सोडवला की सगळं सुटतं, असंही नाही. कॅलिफोर्नियाच्या गेटी संग्रहालयात रूबेन्सचं काळ्या खडूतलं एक उभं रेखाटन आहे, गालांवर-ओठांवर किंचित लाल खडू. अंगात ढगळ झगा, डोक्यावर पारदर्शक टोपी. १७७४ मध्ये विल्यम बेली यांनी त्यावरून छापचित्र केलं तेव्हा हा माणूस सयामचा समजला गेला. विसाव्या शतकात पोशाखावरून तो कोरियाचा ठरला, आणि अलीकडे तो १६०० च्या सुमारास नेदरलंड्समध्ये आलेला चिनी व्यापारी असावा असाही तर्क मांडला गेला आहे. झेवियरच्या चित्रात मागच्या गर्दीत तसाच पोशाख केलेला एक माणूस आहे, पण पोझ वेगळी. मग ते रेखाटन चित्रासाठी केलं, की आधीच काढलेलं चित्रात कामी आलं? हात रूबेन्सचा याबद्दल वाद नाही, माणूस कोण यावर आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये त्याच काळातलं दुसरं आहे: चिनी पोशाखातले जेझुइट निकोला त्रिगो, तारीख १७ जानेवारी १६१७. त्यांच्याबद्दल असा प्रश्न उरत नाही, कारण नाव-तारीख कागदावरच आहे. हेच त्रिगो पुढच्या वर्षी लिस्बनहून निघाले आणि ऑक्टोबर १६१८ मध्ये गोव्याच्या धक्क्यावर उतरले.

आता तुमचं रेखाटन. त्याला हाच प्रश्न विचारू. तुम्हाला वाटतं हा माणूस काहीतरी रेटतोय. नीट बघा. डाव्या मुठीच्या वर एक पुसट उभी रेघ कागदाच्या वरच्या कडेपर्यंत गेली आहे. तो दोर आहे. लाइफ क्लासमध्ये मॉडेलला हात वर धरून वीस-वीस मिनिटं उभं राहायचं असतं, म्हणून छताला दोर बांधतात आणि तो धरायला देतात. हा माणूस जोर लावत नाहीये, लटकलाय. पोटऱ्या सैल आहेत, टाचा जमिनीवर, पाठीचे स्नायू ताणलेले पण आवळलेले नाहीत. न्यूयॉर्कला विकलेलं रेखाटन ॲन्टवर्प कॅथीड्रलमधल्या १६१०-११ च्या 'क्रूस उभारताना' या चित्रासाठी होतं. तिथे अख्खं शरीर एका कामाला जुंपलेलं आहे. पोझ सारखी दिसली, काम मात्र निराळं. तुमच्याकडच्या कागदावर प्रकाशही खोलीचा आहे: डावीकडून, मऊ, एकसारखा, मोठ्या खिडकीतून येणारा. आणि पाय पूर्ण आहेत, नखांसकट, खाली लाकडी पाटाची कडसुद्धा. चित्रात झाकायचा म्हणून कुठलाच भाग सोडलेला नाही, कारण पुढे चित्रच नव्हतं. वर्गाचा अभ्यास होता, आणि वर्गात पाय सोडले की मास्तर ओरडतात.

कुठल्या वर्गाचा? इथे मी पुराव्यापुढे एक पाऊल टाकतोय, ते पाऊल समजूनच घ्या. व्हॉटमन पेपर एके काळी आपल्या चित्रकारांच्या रोजच्या बोलण्यातला होता. मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय १८५७ चं, प्लॅस्टरच्या ग्रीक-रोमन पुतळ्यांवरून रेखाटन ही तिथली जुनी शिस्त, आणि तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९२० च्या सुमारास, जिवंत मॉडेलवरच्या अभ्यासाला तिथे जोर आला. तुमच्या रेखाटनातला माणूस सडसडीत, काटक आहे, कमरेला लंगोट आहे, आणि डाव्या दंडावर जी काळी पट्टी तुम्ही 'सावली' समजलात ती मला ताईताचा दोरा वाटते. बरोकच्या चष्म्यातून बघितलं की दोरा दिसत नाही. मला ते रेखाटन आवडलं ते याच जागेसाठी: दोऱ्याखाली दंडाचं मांस किंचित दबलंय, आणि ते दबणं विद्यार्थ्यानं पाहिलं आहे, कुठून उतरवलेलं नाही. तिथे रेघ दोनदा बदललेली आहे. अख्ख्या कागदावर तेवढ्या एकाच ठिकाणी.

किंमत विचारलीत म्हणून लिलावाच्या यादीतले शब्दही सांगून ठेवतो. नुसतं चित्रकाराचं नाव असेल तर लिलावघर स्वतःची पत टांगणीला लावून 'त्याचंच' म्हणतंय. 'याचं मानलं जाणारं' म्हणजे बहुतेक त्याचं, पण कुणी विचारलं तर हात वर. 'कारखाना' म्हणजे त्याच्या देखरेखीखाली, हात कुणाचाही. 'वर्तुळ' म्हणजे त्या काळातला कुणी ओळखीपाळखीचा. 'अनुयायी' आणि 'शैलीत' इथे आलात की मधे शंभर वर्षंही गेलेली असू शकतात. 'नंतर' (इंग्रजीत 'आफ्टर') हा शब्द नावाच्या आधी आला की ती सरळ नक्कल. एकेका पायरीला किंमतीचं शून्य गळतं. तुमचं यातल्या कुठल्याच पायरीवर नाही, ते वेगळ्याच जिन्यावर आहे.

कोपऱ्यातलं नाव खोडू नका, पुसू नका. कुणीतरी, कधीतरी, ते खपावं म्हणून लिहिलं. तेही आता त्याच्या इतिहासात जमा आहे. मागचा हार्डबोर्ड मात्र आजच काढा, त्यातल्या आम्लानं कडा तपकिरी व्हायला लागल्या आहेत. सेलोटेप दिसली तर ओढू नका, कागद संवर्धकाकडे न्या. लॅमिनेशनचं नाव काढू नका. फ्रेमवाल्याला सांगा की काच कागदाला चिकटता कामा नये, मधे पुठ्ठ्याची चौकट हवी, आणि मागचा पुठ्ठा आम्लरहित हवा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर लावू नका.

आणि एक राहिलं. सातही फोटोंमध्ये कागदाची पाठ कुठेच नाही. खिडकीवरच्या फोटोत, मॉडेलच्या गुडघ्यामागे, उलटी उमटलेली एक ओळ दिसते, बहुधा मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेली. मला त्यातलं एक देवनागरी 'र' आणि पुढे दोन आकडे असल्यासारखं वाटतंय. विद्यार्थी पाठीमागे नाव आणि हजेरी क्रमांक लिहायचे. दिवसा, तिरप्या उजेडात, पाठीचा एक फोटो काढून पाठवा.